पिंपळखुट्याची वेळ

"ए केतके, तुला हेर व्हायचंय," दिग्या फोनवर म्हणाला. "आजपासनं. नाही म्हणायचं नाही."

सकाळचे अकरा वाजले होते. मी पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर उशी, उशीवर मुलगी, ती दूध पीत होती आणि मी फोन मानेत धरून ऐकत होते. शेजारच्या कारखान्यात माग खडखडत होते. इचलकरंजीत तो आवाज थांबला तरच माणूस दचकतं.

"कुणाकडं?"

"पाणवठ्याकडं. त्यांनी आपली दोन गावं घेतली गेल्या महिन्यात. आतलं कळल्याशिवाय काय जमायचं नाही बघ. आणि तू बाळंतीण. तुझ्यावर कोण डाऊट घेणार?"

दिग्विजय माझा कॉलेजातला मित्र. जयसिंगपुरात त्याचं मोबाईलचं दुकान होतं आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो 'नवराज्य' खेळायचा. मीही खेळायचे. नकाशावर आपली गावं वसवायची, तट बांधायचा, फौज उभी करायची. एकट्यादुकट्याला कुणीही लुटतं म्हणून चाळीस-पन्नास जणांनी मिळून संघ करायचा. आमचा संघ गरुडमाची, दिग्या त्याचा म्होरक्या. पाणवठा हा आमच्या वैऱ्यांचा संघ. फौजेला एका गावाहून दुसऱ्या गावी जायला खरेखुरे तास लागायचे. त्यामुळे कुणाची फौज कधी घराबाहेर असते एवढं कळलं, की ते गाव तुमचंच.

"मी खातं उघडलंय," तो म्हणाला. "नाव ठेवलंय बकुळ. पासवर्ड पाठवतो, दोघांकडं असू दे."

"बकुळ कोण?"

"तूच की. बाकीचं तुझं तू जुळव. फक्त लई लांबचं खोटं बोलू नकोस. खऱ्याला चिकटलेलं खोटं टिकतं."

मी बरं म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. सासूबाई डिंकाचा लाडू पुढं करायच्या, मी बरं म्हणून खायचे. सम्मेद, माझा नवरा, संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "कशी आहेस?" त्यालाही बरी. मुलगी रडली की मला कळायचं, रडतेय. कुकरची शिट्टी झाली की कळतं ना, तसं. मी उठायचे, घ्यायचे, पाजायचे. दुपट्यांच्या घड्या घालायचे. कुठं काही चुकत नव्हतं.

पाणवठ्यात शिरायचं तर एक रीत होती. नवीन माणसाला जुन्या कुणीतरी जामीन राहायचं. त्याशिवाय घेत नसत. त्यांचा प्रमुख तात्या म्हणवणारा कुणी होता. त्यानं सगळ्यांसमोर मला प्रश्न टाकले. कुठली? आधी कुठल्या संघात होतीस? दिवसातून किती वेळ देशील?

मी लिहिलं, "मुलगी तीन महिन्यांची आहे. पाजताना एक हात मोकळा असतो. तेवढा वेळ देईन."

तात्या पुढचा प्रश्न लिहीत असावा, तेवढ्यात मध्येच दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं.

"तात्या, हे पोलीस ठाणं आहे का? बाळंतीण आहे ती. मी राहते जामीन."

या इंदूमावशी. इंदुमती. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या, सरकारी उपकेंद्रात तेहेतीस वर्षं नर्स म्हणून राबून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा जाताना आईच्या फोनवर हा खेळ टाकून गेला होता, वेळ जाईल म्हणून. मावशींनी तो असा काही मनावर घेतला, की चार वर्षांत पाणवठ्यातलं सगळ्यात मोठं गाव त्यांचं झालं. त्यांची सात गावं होती आणि सातांना त्यांनी ज्या-ज्या गावी लशी टोचत फिरल्या त्यांची नावं दिली होती. मोठ्याचं नाव पिंपळखुटा.

"माझी पहिली पोस्टिंग," त्यांनी मला सांगितलं. "एसटी येत नसे. लशीचा डबा घेऊन चालत जायची. एक बाई रस्त्यातच बाळंत झाली होती माझ्या हातून, मक्याच्या वावरात."

दिग्याला मी संध्याकाळी कळवलं, घेतलं मला. काय सांगून शिरलीस म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"नाद खुळा!" तो हसत सुटला. "बाळाचं सांगितलंस? आता तुला कोण हात लावत नाही."

मावशी रोज दुपारी एकच्या सुमारास लिहायच्या. जेवण झालं की त्या खुर्चीत बसायच्या आणि मी पाजायला. संघाच्या गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत संपायच्या.

"पोरगी काय करून राहिली?"

"दूध पितेय."

"अन् तू?"

"बसलेय."

"जेवली?"

"हो."

"काय जेवली?"

मला आठवेना. मी तसं लिहिलं. त्यांनी त्यावर काही शेरा मारला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, काय जेवली? मग मी जेवताना ताटाकडं बघू लागले, सांगता यावं म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात मी लिहिलं, "मावशी, आईला बाळाचं काहीतरी वाटायला किती दिवस लागतात?"

लिहिलं आणि बघत बसले. पाठवलं कसं ते कळलं नाही.

"काही वाटत नाही का?"

"नाही."

"राग येतो तिचा?"

"नाही."

"हे बघ, मी नर्स आहे, मी घाबरत नाही. तिला काही करावं, किंवा आपल्याच जिवाचं काही करावं, असं मनात येतं?"

"नाही. मनात काहीच येत नाही. ती दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि मी सांभाळायला ठेवलेली आहे, असं वाटतं. मी नीट सांभाळते."

"नीटच सांभाळत असशील. होतं असं. चांगल्या चांगल्या बायांना झालेलं मी पाहिलं आहे. औषध आहे त्याला, डॉक्टर आहेत. घरी सांगितलं?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"नाही."

"सासू कशी आहे?"

मी दाराबाहेर बघितलं. सासूबाई सकाळी बस्तीत, आमच्या जैन देवळात, जाऊन आल्या होत्या, कपाळावर अजून गंध होतं. मुलीचे वाळत घातलेले कपडे त्या एकेक करून काढत होत्या आणि काढताना गालाला लावून बघत होत्या, ओलं राहिलंय का.

"चांगल्या आहेत," मी लिहिलं. "म्हणून तर."

"सांग तिला," मावशींनी लिहिलं. "बाई आहे, तिला कळेल."

मी सांगितलं नाही. मावशी रोज विचारायच्या, मी रोज नाही लिहायचे, आणि त्या रागवायच्या नाहीत. मग गप्पा मुलीच्या शीकडं वळायच्या.

आणि त्याच अंगठ्यानं मी दिग्याला लिहायचे. तात्याचं आणि नाशिकच्या एका वकिलाचं पटत नाही. वायव्येकडच्या गावांचे तट कच्चे आहेत. सोमवारी त्यांची मोठी फौज नदीपलीकडं जाणार. दिग्या दोन वेळा त्या माहितीवर चाल करून गेला आणि दोन्ही वेळा जिंकून आला. गरुडमाचीत हेर म्हणजे मी, हे ठाऊक असलेला तो एकटाच. बाकीचे 'आपला माणूस' म्हणून माझा उदोउदो करायचे. ते वाचूनही मला काही झालं नाही. दोन्हीकडचं वाचायचे, दोन्हीकडं लिहायचे. मला दोन मनं असती तर एका मनानं मला खाल्लं असतं. माझ्याकडं त्या वेळी एकही नव्हतं.

एक सकाळ आठवते. सासूबाई पाय लांब करून मुलीला पायावर घेऊन तेल लावत होत्या.

"बघ बघ, कशी बघतीया तुझ्याकडं. वळीखलं आईला."

"हो," मी म्हणाले आणि हसले. हसायचं होतं तिथं मी हसायचे.

सासूबाईंनी हात थांबवला आणि माझ्याकडं क्षणभर जास्तच बघितलं. मग पुन्हा तेल घेतलं.

मुलगी साडेचार महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. बुधवारी दुपारी मावशींचं लिहिलेलं आलं, नेहमीसारखं सगळ्यांसमोर न येता एकट्या मला.

"बकुळ, हे तुझ्याजवळच ठेव. उद्या दोन वाजता पिंपळखुट्याची सगळी फौज तात्याच्या मदतीला जाते. सहापर्यंत गाव उघडं आहे. तट आहे, आत माणूस नाही."

आणि खाली लगेच दुसरं, "वजन केलं का पोरीचं?"

"सहा किलो," मी लिहिलं.

"शाब्बास. आता तुझं सांग. काय जेवली?"

"भाकरी. मेथीची भाजी. ताक."

मला इथं सांगायला आवडलं असतं, की मी खूप विचार केला. घरात येरझाऱ्या घातल्या, लिहिलं, पुसलं. तसं काही झालं नाही. मुलीनं एका बाजूचं संपवलं, मी तिला दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि हात बदलल्यावर मोकळ्या हातानं दिग्याला कळवलं. पिंपळखुटा. उद्या दोन ते सहा. आत कोणी नाही.

त्याचा लगेच फोन आला. "पिंपळखुटा? म्हातारीचं? खात्री हाय?"

"तिनंच सांगितलं."

"केतके, तुझं देऊळ बांधतो मी जयसिंगपुरात."

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोळा जणांच्या फौजा एकदमच पिंपळखुट्यावर पोचणार होत्या. दिग्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि मला फोनवर धरून ठेवलं होतं. मुलगी शेजारी झोपली होती. पलीकडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सासूबाई तूरडाळ निवडत होत्या. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे चार वाजले की तयारी सुरू.

"नऊ झाले... दहा! पोचलो! तट गेला, केतके! आत खरंच कुत्रं नाही! घेतलं, घेतलं, घेतलं!"

नकाशावर पिंपळखुट्याचा रंग बदलला. निळ्याचा तांबडा, आमचा. जिंकलेल्या गावाला नाव द्यायचा हक्क जिंकणाऱ्याचा असतो. मी बघत असतानाच ते नाव पुसलं गेलं आणि तिथं 'दिग्यानगर' आलं.

"कसं वाटतंय?" दिग्या ओरडला.

"बरं," मी म्हणाले. आणि फोन ठेवला.

मग मी बकुळ होऊन पाणवठ्यात गेले. तिथं तात्याचं लिहिलेलं आधीच येऊन पडलं होतं.

"आपल्यात फितूर आहे हे आठ दिवस माहीत होतं. पाच नव्या लोकांवर संशय होता. पाचांच्या जामिनांशी ठरलं होतं, की प्रत्येकानं आपापल्या माणसाला खोटं गाव आणि खोटी वेळ सांगायची आणि त्या गावात फौज दडवून ठेवायची. जिथं हल्ला येईल त्यावरून माणूस कळणार होता. माणूस कळला. पण मावशी, पिंपळखुटा रिकामं कसं सापडलं? तुमची फौज खरोखरच बाहेर होती?"

मग मावशी.

"बाहेर होती. मी तिला खरी वेळ सांगितली."

"ठरलं काय होतं, मावशी?"

"खोटी सांगायचं ठरलं होतं. मी तुम्हाला हो म्हटलं. पण अंगावर पाजणाऱ्या पोरीची परीक्षा मला घेववली नाही. म्हटलं, ही नाही. हिच्यासाठी मी गाव डावावर ठेवते. माझं होतं, मी ठेवलं, गेलं. कोणी मला समजावू नका."

मी ते दोनदा वाचलं. वकिलानं खाली माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं, लिहायलाच हवं होतं ते. आणखी दोघातिघांनी लिहिलं. मग ते पान बंद झालं. मला संघातून काढलं होतं.

दिग्याचं आलं, "पकडलं ना तुला? चालतंय. आता कुणाला उत्तर देऊ नको. मी बघतो पुढचं."

त्याच्यापाठोपाठ मावशींचं आलं, एकट्या मला.

मला वाटलं होतं शिव्या असतील. खरं सांगायचं तर मी थोडी वाटच बघत होते. शिव्यांनी तरी काही होतं का बघावं म्हणून.

"बकुळ, खरं नाव माहीत नाही म्हणून याच नावानं लिहिते. गावाचं मी विचारत नाही. एकच सांग. ते पोरीचं, काही वाटत नाही म्हणालीस ते, खरं होतं की तेही आत शिरायसाठी होतं? खोटं असेल तर मला आनंद आहे, तू ठणठणीत आहेस म्हणून झोप लागेल मला. खरं असेल तर सांग."

मुलीनं झोपेत हात हलवला. मी तिच्याकडं बघितलं आणि परत फोनकडं.

खोटं होतं, असं दोन शब्दांत लिहून मोकळं होता आलं असतं. मावशींना झोप लागली असती, मला कुणी पुन्हा काही विचारलं नसतं. सगळ्यांचंच बरं झालं असतं. मी 'खो' लिहिला. माग खडखडत होते. मग मला एवढंच कळलं, की हे पाठवलं तर माझं काय झालंय हे माहीत असलेलं जगात कुणीही उरणार नाही.

मी 'खो' पुसला. लिहिलं, "ते खरं होतं."

उत्तर लगेच आलं.

"मग उठ. सासू घरी आहे?"

"आहे."

"तिला हाक मार. मला जसं लिहिलं होतं तसंच सांग, दुसऱ्याची आहे अन् मी सांभाळते ते. एक शब्द बदलू नको. सांगून झालं की मला लिही. मी इथंच बसून आहे."

मी फोन पलंगावर पालथा ठेवला.

"आई," मी हाक मारली.

"आलो आलो," सासूबाई आतून म्हणाल्या. "उठली व्हय पिल्लू?"

"नाही. तुम्ही या."

त्या सूप हातात घेऊनच दारात आल्या. मी त्यांना सांगितलं. पाठ केलेलं म्हणावं तसं, एक शब्द न बदलता. मुलगी दुसऱ्या कुणाची तरी आहे. मी सांभाळायला आहे. मी नीट सांभाळते. मला काही वाटत नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. डाळ थोडी सांडली. ती न भरता त्या माझ्या शेजारी टेकल्या.

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं."

"दवाखान्यातनं आणली तवापासनं?"

"हो."

मला वाटलं, आता म्हणतील, असं बोलू नये बाळाच्या उशाशी. नशीबवान आहेस, लोकांना होत नाहीत.

"माझ्या धाकट्या जावंला असंच झालतं," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नुसतं बोल लावलं. आळशी म्हणालो, दगड म्हणालो. मीबी म्हणालो." त्यांनी पदरानं हात पुसले, पुसलेच पुन्हा. "तवा आम्हाला काय ठावं नव्हतं. तुला मी रोज बघतो. हसतीस ते बघतो. विचारू का नको, विचारू का नको, असं करत ऱ्हायलो बघ."

आणि त्या उठल्या. "चल."

"कुठं?"

"डॉक्टरीणबाईकडं. साडी ऱ्हाऊ दे, गाऊनवर वढणी घे. कोण बघत नाही."

"स्वयंपाक?"

"आज सम्मेदला म्हणावं दूध-चुरमुरे खा. एक दिवस काय मरत नाही."

रिक्षात मुलगी त्यांच्याकडं होती. दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते दवाखान्याच्या बाकावर बसेपर्यंत सोडलं नाही. आमच्या आधी चौघीजणी होत्या. मी डाव्या हातानं फोन काढला. मावशींना लिहायचं होतं. एवढंच लिहायचं होतं, सांगितलं.

बकुळचं खातं उघडेना. पासवर्ड पुन्हा टाकला. या नावाचं खातं नाही, असं आलं.

दिग्याचा निरोप अर्ध्या तासापूर्वीचा होता. "बकुळ पुसून टाकली. पुरावा नको. तू लई मोठं काम केलंस. पार्टी कधी?"

तो वाईट नव्हता. हेराचं काम झालं की खातं पुसायचं, ही रीतच होती. त्यानं रीत पाळली.

मी माझ्या खऱ्या खात्यातनं लिहून बघितलं. गरुडमाचीच्या माणसाचं पत्र पाणवठ्यातल्या कुणालाच पोचायचं नाही, त्यांनी आमची वाट केव्हाच बंद केली होती. लिहिलेलं तसंच माझ्याकडं परत आलं. मी दुसऱ्यांदा पाठवलं, तिसऱ्यांदा पाठवलं. आता आठ वर्षं झाली. आर्वी काही फार मोठं गाव नाही, चौकशी केली असती तर एक निवृत्त नर्स सापडली असती. मी केली नाही. फोन लागला असता तर माझं नाव सांगावं लागलं असतं, आणि तिला माहीत असलेल्या नावाची बाई कधी नव्हतीच.

त्या दिवशी बाकावर मात्र मी एवढं सगळं म्हणत नव्हते. मला एकच दिसत होतं. आर्वीत एक बाई खुर्चीत फोन घेऊन बसली आहे. तिचं गाव मी दुपारी घेतलं, आणि आता पाच वाजलेत, आणि ती माझ्यासाठी बसून आहे.

साडेचार महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी झालं. ती लाज होती. मी रडायला लागले. हुंदके देऊन, आवाज करून, चौघीजणी वळून बघेपर्यंत.

सासूबाईंनी मुलगी मांडीवर सारली आणि मला जवळ ओढलं. त्यांच्या पदराला तूरडाळीचा वास होता.

"रड," त्या म्हणाल्या. "रड बाई. माया फुटाय लागली बघ पोरीची."

मी त्यांना तसंच समजू दिलं.